काळा आलाय

उल्स्टा ते टॉफ्ट, पाण्यावरून वीस मिनिटं.
फेरीबोटीवर गाड्या लावायचं काम माझं.
हात वर, हात खाली, अजून थोडं पुढे, बस.
दोन खेपांच्या मध्ये जे उरतं
ते मी पाणमांजराला देतो.
अकरा हिवाळे दिलेत.

त्याचा नियम एकच:
ते बुडी मारतं तेव्हा पळायचं,
वर येतं तेव्हा दगड व्हायचं.
वारा आपल्या तोंडावर हवा.
पाठीवर असला की संपलं,
काल रात्री जेवलेलं खारवलेलं मटणसुद्धा
त्याला तिकडे कळतं.
या खेळात गुडघे जातात,
आणि फोटोत येतं नुसतं वर्तुळ,
आत्ता इथे होतो, अशी पाण्यावरची गोल सही.
माझ्या कपाटात वर्तुळांचे खोकेच्या खोके आहेत.

जानेवारीतला मंगळवार.
ओहोटी. शेवाळ उघडं पडलेलं.
दुपारी अडीचला दिवसाने आवराआवर सुरू केलेली.
मादी खडकावर अंग घासत होती
पोराकडे पाठ करून.
मुद्दाम, असं मला वाटलं.
पोर बुडी मारी, वर येई. तोंडात काही नाही.
पुन्हा. काही नाही.
एकदा शेवाळाची दोरी.
एकदा खेकड्याने नाक धरलं तेव्हा किंचाळलं,
आईने मान वळवली नाही.
सातव्यांदा की नवव्यांदा
(मोजत होतो, मग मोजायचं राहून गेलं)
दातांत एक मासा, माझ्या करंगळीएवढा,
अजून वळवळणारा.
आता याचं करतात काय, हे पोराला ठाऊक नव्हतं.
ते तसंच तरंगत राहिलं, मान उंच,
नवा कोट घालून दारात उभ्या राहिलेल्या मुलासारखं.

तेव्हा मी बटण दाबलं.

थॉमसीनाचं पोस्ट ऑफिस होतं.
मागच्या खोलीत पांढरी चादर, एक स्टूल.
येल बेटावरून जो जो जहाजावर गेला
त्याचा पासपोर्टातला चेहरा तिने काढलेला.
हसू नको. हनुवटी वर. अंधार आला, परत बस.
माझ्या हातात पहिला कॅमेरा तिनेच दिला,
आणि पहिला रोल धुऊन झाल्यावर
तो परत मागितला.

गेल्या शरदात झटका आला. उजवी बाजू गेली,
शब्द गेले.
उरला एकच: हो.
चहा? हो. थंडी वाजते का? हो.
तुझं नाव काय गं? हो.

फोटो छापून तिच्या मांडीवर ठेवला.
नर्स खिडकीपाशी चादरींच्या घड्या घालत होती,
आमच्याकडे पाठ करून.
थॉमसीनाने डाव्या हाताने कागद उजेडाकडे तिरपा केला.
बराच वेळ.
ओठ जमले. काही नाही.
पुन्हा जमले. नुसता श्वास.
मी म्हणणार होतो, राहू दे,
पण का कोण जाणे, दगड झालो.
मग खालून, फार खालून,
“काळा,” ती म्हणाली.
आणि थोड्या वेळाने, “काळा आलाय.
परत काढ.”

नर्सच्या हातातली चादर उलगडून खाली गेली.
थॉमसीनाचं तोंड अजून अर्धं उघडं,
त्या शब्दांचं आता काय करायचं
हे ठाऊक नसल्यासारखं.
कॅमेरा माझ्या गळ्यातच होता.

अर्टीच्या दुकानात, वाटाण्याच्या डब्यांच्या वर
लावलाय तो तिचाच फोटो.
फोकस कानावर गेलाय, मागे नर्सची कोपर.
लोक दूध घ्यायला येतात, थांबतात.
काय म्हणतेय ती, विचारतात.
अर्टी प्रत्येकाला सांगतो,
आणि प्रत्येक वेळी तिच्याच आवाजात सांगायला जातो.

पाणमांजराचा फोटो घरी आणला.
रात्री दिव्याखाली धरून पाहिला.
पोराचा डोळा कुठे आणि पाणी कुठे, कळत नाही.
म्हातारीचं खरं आहे.

उद्या साडेअकरानंतर ओहोटी.