बेळंकीचा वेढा

सुहेल बारगीर कुवेतला गेला तेव्हा
रक्तपेढीच्या जुन्या लॅपटॉपवर
त्याचं एक साम्राज्य मागे राहिलं,
आणि ड्रॉवरमध्ये अर्धा पुडा खारे शेंगदाणे.
शेंगदाणे मी त्याच आठवड्यात संपवले.

राज्य मात्र नव्याने मांडलं. त्याच्या शहरांची नावं
माझ्या तोंडात बसेनात.
मी राजधानीला मिरज म्हटलं
आणि पुढे रुळावरून जावं तसं:
आरग, बेळंकी, सलगरे, कवठे,
लंगरपेठ, ढालगाव, जत रोड.
सोप्या पातळीवर गाडी थेट कुर्डुवाडीपर्यंत गेली होती,
वाटेत एक पडीक देऊळ, दोन रानटी टोळ्या, बस्स.

मग दिवाळीत, कुणी विचारलं नसताना,
मी पातळी दोन घरं वर सरकवली.

तेव्हा कळलं, वरच्या पातळीवर
समोरचा हुशार होत नाही.
तोच मठ्ठपणा, तेच दलदलीत हत्ती घालणं.
फक्त त्याला सुरुवातीलाच
तीन वस्त्या जास्त मिळतात,
शेतीची विद्या जन्मतःच येते,
आणि त्याच्या लोकांना भूक कमी लागते.
नियमांच्या पानावर हे बारीक अक्षरात लिहिलंय.
मी दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
राग आला नाही. ओळखीचं वाटलं.

रात्रपाळीत माझी पाळी, मग त्यांची पाळी.
सेंट्रीफ्यूज घुमतंय तेवढ्यात
मी एक विहीर खणते, एक तिरंदाज उभा करते,
तोवर सलगऱ्याच्या माळावर
त्यांनी निशाण रोवलेलं असतं.
पावणेतीनला बेळंकीच्या तटाखाली सात हत्ती.
आत दोन भालेकरी
आणि अर्धवट बांधलेलं धान्याचं कोठार.

तेव्हाच काचेवर टकटक.
जतहून आलेला माणूस, एका पायात चप्पल,
हातात चिठ्ठी: बी निगेटिव्ह, दोन पिशव्या,
बायको थिएटरमध्ये.
माझ्याकडे एक.
क्रॉसमॅच लावला, सांगलीला फोन, परत फोन,
नदाफमामांना झोपेतून उठवून मोटारसायकल काढायला लावली.
चाळीस मिनिटं. इथलं घड्याळ
कुणाच्या पाळीसाठी थांबत नाही.

दुसरी पिशवी आली. पुढे तिचं काय झालं
ते आम्हाला कुणी कळवत नाही.

परत येऊन बसले तर हत्ती तसेच,
एकाची सोंड हवेत राहिलेली,
त्यांच्या राणीने हसू तसंच धरून ठेवलेलं.
एवढंच मोठेपण या खेळाचं, की तो थांबतो.
मला हरवायलासुद्धा
माझीच परवानगी लागते त्याला.

हात धुतले. बटण दाबलं.
बेळंकी पडलं.

आरग वाचवायला वीस पाळ्यांची खंडणी कबूल केली:
घोडे, मीठ, आणि नदीकाठची वाट.
राणी म्हणाली, तुमचं सैन्य बघून आमची पोरं हसतात.
तिला मराठी येत नाही, भाषांतर माझं.

सहाला सुटले. सकाळची पॅसेंजर.
आरग गेलं, उभं, धडधाकट.
बेळंकीला गाडी एक मिनिट थांबते.
फलाटावर दोन बायका, द्राक्षबागेच्या कामाला निघालेल्या,
डब्यांना फडकी बांधून,
आणि हिरवं निशाण गुंडाळत जांभई देणारा मास्तर.
गाव पडलंय, हे त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.

सरका की बाई, एक म्हणाली.
सरकले.
त्यांचं कुठल्याशा उसन्या कुकरवरून चाललेलं भांडण
सलगऱ्यापर्यंत ऐकलं, मग डोळा लागला,
आणि कवठ्याला उतरायचं राहून गेलं.

जाग आली ती ढालगावला.
या पातळीवर इतक्या लांब
मी कधी आले नव्हते.