गिरमिट

भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटचा काउंटर मोडीत निघाला
तेव्हा त्याची एक फळी मी उचलून आणली,
सागवानी, पावणेचार फूट.
पालथी घातली, तर खालच्या अंगाला
शिसपेन्सिलीत बापाचं अक्षर:
जिन २ बोटं, लिंबू १ बोट, बर्फ.
ढवळणे. घुसळणे नाही.

बाप कॅरेज शॉपात सुतार.
आयुष्यात त्यानं एकच पेला घेतला.

मे महिना, पारा सत्तेचाळिसाला टेकलेला.
यार्डातले रूळ वाकडे दिसत होते,
आणि बाप काउंटरखाली उताणा पडून
ढिली पट्टी कसत होता.
लॅझरस ड्रायव्हर आला, इटारसीहून मेल घेऊन,
भुवयांत कोळसा तसाच.
काउंटरवर थाप मारून म्हणाला, "गिमलेट!"
खालून एक हात वर आला.
हातात गिरमिट.
"घ्या सायेब. पन वापस द्या,
मले आखीन दोन भोकं पाडाची हायेत."

हॉल हसला, पत्ते गळेपर्यंत.
लॅझरस हसला नाही.
गिरमिटाच्या मळसूत्री टोकावर अंगठा फिरवत म्हणाला,
बरोबर आणलंस मिस्तरी, हेच नाव त्याचं.
मग सांगत बसला:
जहाजं, महिनोन्‌महिने खारं पाणी,
हिरड्या सुजून दात गळायचे खलाशांचे.
लिंबाचा रस पाजायचा हुकूम निघाला.
रस टिकेना, म्हणून साखरेत मुरवला.
अधिकाऱ्यांच्या घशाखाली तो नुसता उतरेना,
म्हणून जिन.
कुणी म्हणतं, त्या नावाचा डॉक्टर होता एका जहाजावर,
कुणी म्हणतं, पिंपाला भोक पाडायचं हत्यार.
"मले काय ठाऊक," बारमागून उखर्डू म्हणाला,
"मी तं लिंबं सोलतो."

लिंबं तो स्वतः निवडायचा, कागदी,
नखानं खरवडून, डोळे मिटून.
हिरवी साल तेवढी तासायची,
पांढऱ्यात पातं गेलं की कडू.
बाप म्हणायचा, रंध्याचंही तेच,
एक केस खोल गेला की फळी वाया.
साल रात्रभर साखरेत, सकाळी साखरेला पाझर,
मग रस, मंद आच, उकळी येऊ द्यायची नाही,
मलमलीतून गाळून बाटल्या माठांच्या मागे.
बर्फाची लादी यायची गोणपाटात, लाकडाच्या भुशात,
आणि तो भुसा जायचा बापाच्याच करवतीखालून.
म्हणजे त्या पेल्यात त्याचा वाटा आधीपासून होता.
कुणी मोजला नव्हता एवढंच.

त्या दिवशी उखर्डूनं दोन भरले.
लॅझरसनं आपला गिरमिटानंच ढवळला.
तेलाचा एक गोल डोळा वर तरंगला,
त्याच्यासकट प्यायला.
दुसरा काउंटरखाली सरकवला.
बापानं आधी वास घेतला.
"देवदार," म्हणाला, "वला स्लीपर कापला का असाच सुटते."
मग एक घोट.
मग बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.
"आंबट आधी भोक पाडते," तो म्हणाला,
"मंग दारू बसते.
भोकाबिगर स्क्रू पिळला तं लाकूड तडकते."

पेला संपवून त्यानं राहिलेली दोन भोकं पाडली.
आई चार दिवस बोलली नाही.
पुन्हा कधी घेतली नाही त्यानं;
शपथबिपथ काही नव्हती.
कळलं होतं, बस.

फळी आता माझ्या ओट्याशेजारी आहे.
उन्हाळ्यात एखाद्या रात्री मी लिंबू कापतो,
पेल्याला बोटं आडवी लावतो,
आणि अडतो.
दोन बोटं, पण कुणाची?
उखर्डूची जाड, केळीच्या घडासारखी.
बापाच्या डाव्या हाताचं एक करवतीनं नेलेलं.
लिहिलेलं नाही.
माझी ही कारकुनी, शाईचीसुद्धा सवय सुटलेली.
दरवेळी आंबटच होतं.