कालावधी : छत्तीस महिने

संशोधन कक्षातल्या घनवटबाई
दर सोमवारी यादी पाठवतात :
दिल्लीची दोन, एक जर्मनीची,
एक कुठल्याशा औषध कंपनीच्या दानधर्माची.
माझ्यासाठी पेन्सिलीची बारीक खूण.
म्हणजे, मॅडम, हे तुम्हाला बसेल.

बसत नाही.
एकीला वय पंचेचाळिसाच्या आत हवं,
मला ऑगस्टात सेहेचाळिसावं लागलं.
एकीला उद्योगातला भागीदार हवा.
चाकणला फोन केला तर पलीकडून दोनदा विचारलं,
"दगडफूल? ते मसाल्यातलं?"
त्याची चुलत बहीण, म्हटलं.
ती वेताळ टेकडीवर राहते,
खाणीच्या वरच्या अंगाला, अकरा खडकांवर,
ज्यांना मी ऑइलपेंटने नंबर घातलेत.

वर्षाला एक मिलिमीटर वाढते.
तेही हवा बरी असली तर.

फॉर्म विचारतो : छत्तीस महिन्यांत अपेक्षित फलित?
मी लिहिते, तीन मिलिमीटर.
खोडते.
लिहिते, शहराच्या हवेची दीर्घकालीन नोंदवही.
हेही खरंच आहे,
फक्त इस्त्री केलेलं.

मागचं अनुदान आलं अठ्ठावीस मार्चला,
एकतीसच्या आत संपवायचं होतं.
आम्ही प्रिंटर घेतला.
त्याचा हिशेब अजून अडलाय
तीनशे चाळीस रुपयांच्या रिक्षापावतीवर.
पौड फाट्याच्या कुठल्या रिक्षावाल्याने
आजवर पावती दिलीय, हे
लेखापरीक्षकांनी एकदा उभं राहून बघावं.

मनुष्यबळाच्या रकान्यात मी लिहिते : सहायक, एक.
रकान्यात नाव लिहायची सोय नाही.
नाव उत्कर्ष गावित, गाव धडगावकडचं,
संध्याकाळी कर्वेनगरात कॉफी करतो,
पहाटे साडेपाचला टेकडीवर हजर,
हातात व्हर्नियर, खिशात पारले.
गेल्या चौदा महिन्यांत त्याला मी
दोन पुस्तकं आणि एक रेनकोट दिलाय.
खरं तर फलित, उद्देश, सारांश,
सगळ्या रकान्यांत
मला त्याचा पगारच लिहायचा होता.

शेवटची तारीख आज, साडेपाचपर्यंत.
पाऊण वाजता पोर्टल झोपलं.
तीनला उठलं, माझा पासवर्ड विसरून.
घनवटबाई डबा तसाच ठेवून
पानं तपासत बसल्या. बजेट, परिशिष्ट, हमीपत्र.
नवव्या पानावर थांबल्या.
तिथे आलेख होता, सातव्या खडकाचा.

"मॅडम, अकरा वर्षांत एवढंच?"
अंगठा आणि बोट यांच्यामध्ये
त्यांनी ते धरून दाखवलं.
एवढंच, मी म्हटलं.
त्यांनी बोटं तशीच ठेवून
खिडकीच्या उजेडात एकदा पाहिलं.
"पण माझ्या नोकरीइतकं जुनं आहे की हो,"
म्हणाल्या, आणि शिक्का मारला.

तिरका बसला.
प्रत पुन्हा काढावी लागली.
प्रिंटर तोच,
अठ्ठावीस मार्चचा.