अकरा सेकंद

प्रश्न बत्तीस, उत्तरं पाच :
कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी.
चौकटीत खूण करायची.

सहभागी क्रमांक सतरा
ताडीवाला रोडला राहते,
कोथरूडच्या तीन सोसायट्यांचे जिने पुसते.
माझ्यापुढे चहाचा पेला सरकवून म्हणाली,
लिही, कधीच नाही.
पुढचा? कधीच नाही.
अगं चांगली आहेत माणसं, पाणी मागितलं तर देतात की.
आता बाटली माझी मीच नेते,
त्यांनाही उगाच त्रास नको.

सरांनी तक्त्यावरून बोट फिरवलं.
हिच्याकडे भेदभाव शून्य दिसतोय.
प्रश्न तेवीस बघा, मी म्हटलं, झोप.
तिथे ‘लागत नाही, नेहमी’ म्हणालीय.
जरा वस्तुनिष्ठ राहा, सर म्हणाले,
आणि नमुना मोठा घ्या.

नमुना.
पहिल्या वर्षी मेसच्या रांगेत
माझं ‘व्हय’ ऐकून
कुणीतरी हाच शब्द वापरला होता.
तेव्हा नमुना एकाचाच होता.

मग ध्वनिमुद्रणं पुन्हा ऐकायला बसले,
ग्रंथालयात, वडाच्या पारंब्या दिसतात त्या खिडकीपाशी.
शब्दांकनाचा नियम असा
की गप्प राहिलेलंही लिहायचं,
कंसात, सेकंद मोजून.
सतरा : पहिल्या ‘कधीच नाही’आधी (चार सेकंद).
एकोणतीस, फार्मसीचा मुलगा,
आडनाव सांगितल्यावर खोली ‘कालच गेली’ होती :
त्यानंतर (सहा).
तेहतीसने गोपनीयतेचा कागद दोनदा वाचला.
आडनाव खोडणार म्हणजे नक्की खोडणार ना?
आणि हसली. आधी का नाही आलात तुम्ही!
(नऊ सेकंद. मागे कुकरची शिट्टी.)

पाच उत्तरांत हे कुठेच बसेना.
सरांना काय दाखवू, रिकामी टेप?

सगळ्यात खाली एक जुनी फाइल सापडली.
यंत्र चालतंय का बघायला
शाहीन बागवाननं मलाच विचारलं होतं,
हं, सांगा मॅडम, पूर्ण नाव?

पंखा.
बाहेर रिक्षा वळते.
कुणीतरी खुर्ची ओढतं.
पंखा.
मग माझा आवाज, माझाच, पण घरात बोलते तसा नाही :
नुसतं नाव घाल ना.

पुसायची राहून गेली होती ती.
तिच्यापुढे कंसात लिहिलं, अकरा सेकंद.
क्रमांक कुठला द्यायचा
ते अजून ठरलेलं नाही.