चेनला तेल

येळ्ळूर ते उद्यमबाग, जाऊन-येऊन चौदा किलोमीटर.
एकतीस वर्षं लेथवर काढलेला टर्नर मी,
शंभरातला एक मिलिमीटर बोटाच्या टोकानं सांगणारा,
आणि माझ्याच सायकलची चेन
गुऱ्हाळातल्या चरकासारखी रडायची.

आधी खोबरेल घातलं. घरात तेवढंच होतं.
दोन दिवस चेन लग्नाला निघाल्यागत घमघमली.
तिसऱ्या दिवशी थंडी पडली,
पहाटे बघतो तर कड्याकड्यांत
पांढरं गोठून बसलेलं.

मग कंपनीतलं जळकं ऑइल. फुकट ते पौष्टिक.
पण त्यात लोखंडाचा कीस, पिठाहून बारीक:
डोळ्याला ते तेल,
चेनला कानस.

ग्रीस लावलं, तर वाटेवरच्या फौंड्र्यांची काळी वाळू
सगळी माझ्याकडंच मुक्कामाला आली.
उजव्या पायाची विजार पोटरीपर्यंत डांबर.
सुगंधा धुणं आपटत म्हणाली,
"एक पाय तुमचा, एक कंपनीचा."

रॉकेलनं धुतली. वाळू गेली,
आतलं होतं नव्हतं तेही गेलं.

वडगावच्या नागेश बुचडीनं
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून
मागाचं तेल आणलं. पाण्यासारखं पातळ.
"साडीवर सांडलं तरी एका धुण्यात जातंय," म्हणाला, अभिमानानं.
खरंच.
मजगावच्या फाट्यावर झिमझिम लागली
आणि चेनीवरूनही ते एका धुण्यात गेलं.

भाचा यल्लेश बेंगळूरहून आला.
त्याच्याकडं मेणाची बाटली, साडेआठशे रुपयांची.
चेन काढायची, धुवायची, वाळवायची, मग थेंब,
मग रात्रभर हात लावायचा नाही.
म्हटलं, अरे, बाळंतीण आहे का ही?
तो हसला नाही. बाटली पिशवीत ठेवली.
मला नंतर वाईट वाटलं.

शेवटी खासबागेत, दस्तगीरच्या टपरीवर.
त्यानं मागचं चाक उचललं, पायडल उलटं फिरवलं,
डोळे मिटून ऐकलं.
कुठलं तेल, विचारलं मी.
त्यानं बोट ओठाला लावलं.

मग शिलाई मशीनची जुनी कुपी काढली,
तिच्यात काय होतं ते आजवर सांगितलेलं नाही,
आणि एकेका रोळीवर एकेक थेंब:
ओंदु, एरडु, मूरु...
एकशे बारापर्यंत, कन्नडमधनं,
मधे एक गिऱ्हाईक आलं तरी आकडा न चुकता.
चहा मागवला. चहा संपेस्तोवर थांबला.
आणि फडकं घेऊन
घातलेलं सगळं पुसायला लागला.

"अरे, पुसूलैस की सगळं!"
"आत गेलंय ते गेलंय. बाहेर ऱ्हायलंय
ते धुळीला आवतण."
"अजून दोन थेंब तरी?"
"साकु."

परत येताना सायकल होती की नव्हती.
मसुराच्या शेतात कुणाचा तरी मोबाइल वाजला, तो ऐकू आला.
माझ्या चपलेचा अंगठा चावतो, ते ऐकू आलं.
चढावर माझा श्वास ऐकला
आणि मला वाटलं
मागून कुणी म्हातारा येतोय.

घरी तवा थंड.
सुगंधा उंबऱ्यात, मांडीवर परात, पीठ मळलेलं.
"आलासा कधी? मी कान लावून बसलोय मघाधरनं."

एकतीस वर्षं
चांगळेश्वरीच्या वळणाला चेन करकरली
की हिकडं पहिली भाकरी तव्यावर पडायची.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
तिलाही नसावं.

आता वळणावर घंटी वाजवतो.
पहिल्या दिवशी हात पुसत, पदर सावरत बाहेर आली.
"कोण पाव्हणं म्हणून बघायला आलो."
मीच.
"मग घंटी कशाला?"

काय सांगणार.
सायकल भिंतीला टेकवली
आणि न्हाणीत गेलो.
दस्तगीरचं तेल साबणानं निघत नाही,
राखेनं निघतं,
तेही नखातलं सोडून.