डावीकडचा खटका

विश्राम घाडीनं चार दारांची घेतली तेव्हा
मिठमुंबरीच्या पुलावर मला मुद्दाम थांबवून
एकेक दार उघडून दाखवलं,
बैल विकणारा दात दाखवतो तसं.
मी म्हटलं, बरी आहे. वऱ्हाडाला उपयोगी.

आमची दोनच दारांची.
बेळगावला लष्कराच्या लिलावात घेतलेली जिप्सी.
मी दिलेल्या रंगाखाली अजून कुठल्याशा पलटणीचा आकडा आहे,
ऊन तिरपं झालं की वर येतो.

कातळावरच्या कलमांकडे जाणारी पाणंद
दोन गडग्यांच्या मधून जाते
आणि खैराजवळ अशी मुरडते
की लांब गाडीचं ढुंगण चिऱ्याला लागतंच.
विश्रामचं लागलं. पहिल्याच आठवड्यात.
मी बघितलं, बोललो नाही.
संध्याकाळी पास्कूच्या गॅरेजवर बोललो.

तिथं आमचे दोन पक्ष.
पास्कू पाना पुसत दोघांचं ऐकतो
आणि दोघांकडून पैसे घेतो.
विश्राम विचारायचा, पण घरातली माणसां खयसून चढतली?
मी म्हणायचो, जीपला दोन दारंच शोभतात,
माणसं काय, चढतात.

माणसं म्हणजे शालन.

पुढं आई बसायची, तिच्या गुडघ्यांमुळे.
शालन डावीकडचा खटका ओढून सीट पाडायची,
आधी पिशवी आत, मग एक पाय,
मग डोकं वाकवून बाकीची शालन.
आई गेली, त्याला सहा वर्षं झाली.
त्या सीटवर फवारणीचा पंप आला.
मग शालन पंप उचलून खाली ठेवायची,
सीट पाडायची, मागे जाऊन बसायची,
आणि मी तो पंप
माझ्या हातानं
परत पुढच्या सीटवर ठेवायचो.

यंदा पाडाच्या दिवसांत तिचा गुडघा सुजला.
आमची क्लचप्लेट गेलेली.
कणकवलीला न्यायला विश्राम आला.
तिनं मागचं दार स्वतः उघडलं,
सरळ बसली, जशी ओटीवर बसते,
दार ओढून घेतलं. टक्.
नांदगावला चहाला थांबलो, तिला चहा नको होता.
मी टपरीवरून बघत होतो.
तिनं दार उघडलं. लावलं.
परत उघडलं.
काही काढायचं नव्हतं, काही ठेवायचं नव्हतं.
विश्रामनंही पाहिलं असणार,
कारण त्या दिवसापासून
गॅरेजवर तो दारांचा विषय काढत नाही.
ते मला टोमण्यापेक्षा जड जातं.

रात्री मी म्हटलं, विकूया ही. चार दारांची बघू.
ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही.
"इकूक नको," म्हणाली.
"तुमका रस्तो दिसता फुडचो.
माका मागचो दिसता.
ताडपत्री वर गुंडाळलेली असली काय
सुरूंच्या मधसून दर्या लय वेळ दिसत ऱ्हवता,
तुमका तो एकदाच दिसता, वळणावर.
आणि झील माझ्या मांडयेर झोपान मोठो झालो थय."
मग जरा थांबून,
"तो पंप तेवढो काढा."

पंप काढला.
सीट पुसताना बघितलं, गवताच्या काड्या शिवणीत रुतल्यात,
आईची एक काळी पिन सापडली.
क्लचप्लेट बसवायला पास्कू आला,
आणि उगाच दोन्हीकडचे खटके हलवून बघत म्हणाला,
तुझ्या बाजूचो खटको कोराच हा रे,
रंग पण उडूक नाय.
हो डावीकडचो बघ.

मी बघितला.
लोखंड झिजून पातळ झालेलं,
बोटांच्या जागी चकाकत होतं.
बदलू, त्यानं विचारलं, नवीन वीस रुपयांत मिळता.

मी नको म्हटलं.
नंतर वाटलं, हेही मी तिला न विचारताच.