पडद्यामागची बाजू

आम्ही पोचलो तेव्हा बाग भरून गेली होती.
दिवसभर त्रेचाळीस अंश सोसलेलं धुळे
अंगावर दोन तांबे ओतून
चटया, सतरंज्या घेऊन इथं येऊन पडलं होतं
पांझरेकडून वारा येईल म्हणून.
पांझरेत पाणी नाही,
पण वाऱ्याला ते कुणी सांगितलं नसावं.

दोन कडुनिंबांना पडदा बांधलेला.
चार गाठी, त्यातली एक सैल.
क्षणभर वाटलं, हे आमच्याच गच्चीवरचं धोतर,
सकाळी ज्यावर आम्ही बिबडे घातले.

मथुराबाई नातवाला कडेवर मारून पुढे घुसल्या.
मला घुसायला कधी जमलं नाही.
मी वळसा घालून मागे गेले,
जिथं पाण्याचा पाइप, एक सायकल, तीन कुत्री
आणि दगा माळी.
"बस ताई, आठे हवा लागस."
त्यानं पोतं झटकून दिलं.

मागूनही सिनेमा दिसतो.
थोडा फिका, पाण्यातून पाहिल्यासारखा.
वारा आला की नायिकेचं पोट फुगायचं,
पुढची पोरं खिदळायची.
मला मात्र काहीतरी खुपत होतं, कळत नव्हतं काय.
मग नायकानं पत्र लिहायला घेतलं
डाव्या हातानं.

फौजदारानं सलाम ठोकला, डावा.
आईनं पोराला घास भरवला, डाव्यानं.
पुजारी डाव्यानं ओवाळत होता
आणि देव निमूट ओवाळून घेत होता.
अख्खं गाव डावखुरं,
आणि कुणी कुणाच्या बोटांवर पट्टी मारत नव्हतं.

हिलाल गुरुजींची पट्टी शिसवीची होती.
माझा 'क' उलटा उभा राहायचा,
पाटीच्या बाहेर कुठंतरी बघत.
घरी जेवताना आई माझा डावा हात
जुन्या लुगड्याच्या काठानं बांधायची,
गाठ मारताना म्हणायची, दुखत नाही ना?
दुखत नव्हतं. गाठ सैल असायची.
ते मला फार उशिरा कळलं.

पुढे बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत
आवक-जावक लिहिली, उजव्यानं.
अक्षर मोत्यासारखं, असं साहेब म्हणायचे.

मध्यंतरात मथुराबाईंची हाक आली,
"पुढे ये वं कोकिळा, जागा व्हयनी!"
"आठेच बरं शे," मी ओरडले.
दगानं कुल्फी आणली होती, दोन.
माझी कुठल्या हातात होती
ते कोपरापर्यंत ओघळ आल्यावर दिसलं.

शेवटी कोण कुणाला भेटलं, आठवत नाही.
गाडीच्या भोंग्यात अर्धे संवाद गेले.
पडद्यावर मोठी अक्षरं आली, उलटी.
दगा डोळे बारीक करून म्हणाला,
"काय लिखेल शे ते?"
मी एका दमात वाचलं : समाप्त.
तो माझ्याकडे बघतच राहिला.
म्हटलं, माझी पहिली लिपी हीच.

लोक चटया गुंडाळून निघाले.
लहान मुलं खांद्यांवर झोपलेली,
गवतात शेंगांची टरफलं.
पडदा उतरवायला दगा एकटाच.
सैल गाठ लगेच सुटली.
दुसरी दवानं, ताणानं आवळून बसलेली,
त्याची नखं चालेनात.
मी पुढे झाले.
हात दोन्ही उचलले होते.
डावा आधी पोचला.